बर्फाची पैसेवारी

फुलंब्रीत बर्फ पडत नाही. तो शहरातून टेम्पोनं येतो, गोणपाटाखाली, आणि रसवंतीवर पोचेपर्यंत निम्मा सिल्लोड रोडवर सांडलेला असतो. वर्तमानपत्रात मात्र तो दर हिवाळ्यात एकदा पडतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की 'हिमकणांची चादर' अशा मथळ्याखाली फोटो येतो, आणि त्या फोटोत मोटारीच्या टपावरची चिमूटभर चादर कुणीतरी बोटानं खरवडत असतो. तिसऱ्या प्रकारचा बर्फ आभाळातून थेट घरपोच येतो, पण त्याला आम्ही बर्फ म्हणत नाही, गारपीट म्हणतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात ती अशी आली की मराठवाड्यातली शिवारंच्या शिवारं पांढरी झाली. तरण्या पोरांनी त्यात उभं राहून आपले फोटो काढले, म्हाताऱ्यांनी आडव्या पडलेल्या गव्हाचे काढायला लावले. पंचनाम्याला दुसरे उपयोगी पडले.

अशा गावातल्या कुटुंबानं पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरायला जावं, ही कल्पना अर्थातच इथली नव्हे. ती कॅलिफोर्नियातून आली. आमच्या नानांचे जावई सॅन होजेला असतात. तिथून चारेक तासांवर लेक टाहो आहे, आणि हिवाळ्यात त्या डोंगरांत स्कीइंगला जाणं हा तिकडच्या मराठी मंडळींचाही आता कुळाचार झाला आहे. नानांची नात मराठी जेमतेम बोलते, पण उतारावरून अशी सुटते की व्हिडिओ बघताना काकू डोळे मिटून घेतात आणि शेवटी "थांबली का?" एवढंच विचारतात. जावयांनी ठरवलं, या खेपेला भारतात येऊ तेव्हा सगळ्यांनी मिळून गुलमर्गला जायचं. आणि तिकडच्या रीतीप्रमाणे आधी मागच्या वर्षांच्या बर्फाचा अभ्यास करायचा. कोणत्या आठवड्यात सरासरी किती पडतो, कधी धरतो, कधी वितळतो, हे बघून तारखा काढायच्या. रविवारी सकाळी त्यांनी फोनवर नानांना एक रंगीत तक्ता दाखवला. निळा जितका गडद, तितका बर्फ जास्त.

"पायाला फळ्या कामून लागतात?" नानांनी आधी विचारलं.

"मामा, उतारावरून खाली जायला."

"खाली जायला मराठवाड्याला फळ्या लागत नाहीत," नाना म्हणाले. मग चष्मा पुसून त्यांनी तक्ता नीट बघितला. "जावईबापू, सरासरी ठेवा बाजूला. दहा सालांत किती सालं बुडाली, ते सांगा."

जावई गप्प झाले. तक्त्यात तो रकानाच नव्हता.

नाना अद्रक करतात, थोडा कापूस, थोडा मका. बियाण्यांच्या दुकानातून नव्या वर्षाला ज्या डायऱ्या फुकट मिळतात, त्यांत ते पाऊस लिहितात. मिलिमीटरमध्ये नाही. 'शिंतोडे.' 'भुरभुर.' 'वीतभर ओल.' 'गिरजा दोन्ही थड्या.' आणि सगळ्यांत अपमानकारक नोंद, 'नुसती हजेरी.' आमच्याकडे मागच्या आभाळाचा हिशेब ठेवणं हा छंद नाही, पोटापाण्याचा भाग आहे. माणसांची वयंसुद्धा त्यावरूनच निघतात. अमका बाहत्तरच्या दुष्काळात रांगत होता, तमकीचं लग्न गारपिटीच्या साली लागलं. त्यामुळे इतिहास पाहून पुढचं ठरवणं ही गोष्ट अमेरिकेनं फुलंब्रीला शिकवावी, याची नानांना गंमत वाटत होती. ती त्यांनी जावयांना बोलून दाखवली नाही. जावई शेवटी जावई असतात.

मला विचाराल तर नानांच्या त्या एका प्रश्नात निम्मं हवामानशास्त्र आहे. फुलंब्रीत सरासरी पाऊस आजवर एकदाही पडलेला नाही. पडतो तो कमी, नाहीतर जास्त. २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाडा इतका कोरडा होता की लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. २०२५ च्या सप्टेंबरात इतका ओला, की पिकांसकट शेतातली माती वाहून गेली. दोन्ही सालांची बेरीज करून दोनानं भागा, मराठवाडा सुजलाम सुफलाम. शिवाय सरासरी ही सरकारी वस्तू आहे आणि सरकारी वस्तूप्रमाणे तिचीही अधूनमधून दुरुस्ती होते. देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी आधी ८८०.६ मिलिमीटर धरत. २०२२ मध्ये हवामान खात्यानं हिशेबाला १९७१ ते २०२० ही वर्षं घेतली आणि ती ८६८.६ झाली. पाऊस सरासरी गाठत नसेल तर सरासरीनंच दोन पावलं मागं यावं, यातला समजूतदारपणा नानांना फार आवडला. सोसायटीच्या कर्जालाही हीच पद्धत लावावी, असं त्यांचं म्हणणं आहे.

आता गुलमर्ग. जावयांच्या तक्त्यात जानेवारी गडद निळा होता. प्रत्यक्षात २०२४ चा जानेवारी तिथं पिवळट तपकिरी उगवला. जिथं एरवी कमरेइतका बर्फ, तिथं वाळलेलं गवत. ओमर अब्दुल्लांनी आधीच्या सालांतले पांढरेशुभ्र फोटो शेजारी ठेवून इतकं कोरडं गुलमर्ग आपण हिवाळ्यात कधी बघितलं नसल्याचं लिहिलं. लोकांनी आरक्षणं रद्द केली. आणि मग जानेवारी संपता संपता आभाळाला आठवण झाली, बर्फ आला, फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिथं खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही झाल्या. पुढच्या वर्षी आयोजकांनी शहाणपणानं पुन्हा फेब्रुवारीचाच शेवट धरला. तर त्या साली फेब्रुवारीत बर्फ पुरेना. स्पर्धा पुढे ढकलून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घ्याव्या लागल्या. मागच्या सालाच्या पावसावरून यंदाची पेरणी करणाऱ्याचं काय होतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्याला दुबार पेरणी म्हणतात.

दोष कुणाचा, हा प्रश्न आलाच. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमचा मका तेव्हाच करपला. पाठोपाठ गुलमर्गचा बर्फ गायब. दोन्ही वेळा बातमीतला आरोपी एकच, एल निनो.

"कुठला म्हणायचा हा?" नानांनी विचारलं.

"प्रशांत महासागरातला. तिथलं पाणी तापतं."

"तिथून येऊन इथं आमचा मका जाळतो, आणि मग काश्मीरला जाऊन त्यांचा बर्फ पळवतो? एवढं फिरायचं म्हणलं तर आमचा तलाठी रजा टाकील."

काश्मीरला बर्फ घालणारे ढग मुळात आपल्या मोसमी पावसाचे नव्हेतच. ते भूमध्य समुद्राच्या बाजूनं निघतात, इराण-अफगाणिस्तान ओलांडत हिमालयाला येऊन धडकतात. डिसेंबर ते मार्च त्यांचा हंगाम. हवामान खातं त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतं. हिवाळ्यात असे किती येतील, केव्हा येतील आणि आलेले रिकामे येतील की भरलेले, हे तक्त्यावरून कळत नाही. कधीकधी त्यांचा पदर फार खाली दक्षिणेला झुकतो, इकडून समुद्राची दमट हवा त्याला भेटते, आणि मग मध्य भारतात, विदर्भ-मराठवाड्यात गारा पडतात. हे ऐकल्यावर नाना थोडा वेळ विचारात पडले. "म्हणजे चौदा साली आपल्या गव्हावर पडला तो गुलमर्गचाच माल. चुकून आपल्या पत्त्यावर उतरला." असा हिशेब मांडला तर नाना गुलमर्गला फिरायला नव्हे, वसुलीला निघाले होते.

काश्मिरी लोकांकडे मात्र नानांच्या पसंतीचं पंचांग निघालं. तिथं हिवाळ्याचे तीन तुकडे करतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, कडाक्याची थंडी. मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. पडायचा तो टिकाऊ बर्फ बहुतेक पहिल्या चाळीस दिवसांत पडतो असं तिथली म्हातारी माणसं सांगतात. रोहिणी, मृग, आर्द्रा मोजणाऱ्या माणसाला हे ऐकून घरच्यासारखं वाटलं.

"वाहन काय त्याचं?"

जावयांना प्रश्न कळला नाही. आपल्याकडे प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला वाहन असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की धो धो, कोल्हा किंवा मेंढा आला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा, आणि घोडा असला की पाऊस डोंगरावरच पडून जातो. चिल्लई कलांचं वाहन कुठल्याच संकेतस्थळावर सापडेना. शेवटी नानांनीच निकाल दिला. चोवीस साली कोल्हा असणार. एरवी घोडा. गुलमर्गला घोडे भाड्यानं मिळतात, हे त्यांनी कुणाच्या तरी अल्बममध्ये बघितलं होतं.

मग निघाला मोजण्याचा प्रश्न. जुना बर्फ वाचायचा तर तो कुठं मोजला हे आधी बघावं लागतं. गुलमर्गचं मैदान साधारण २६५० मीटरवर. तिथून निघणारी केबलगाडी पहिल्या टप्प्यात कोंगडोरीला, तीन हजारांच्या थोडं वर सोडते. दुसऱ्या टप्प्यात अफरवटच्या खांद्यावर, चार हजारांना थोडं कमी. खाली पाऊस आणि वर बर्फ, खाली चिखल आणि वर मांडीइतकी भुसभुशीत पावडर, हे एकाच दुपारी होऊ शकतं. तक्त्यातला आकडा यातला कुठला? हा संशय फुलंब्रीतल्या माणसाच्या रक्तात आहे. आमच्याकडे पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असतो आणि पीक आपल्या शिवारात. यंत्रावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी, मदतीच्या यादीत नाव. ६४ पडला तर नुसता चांगला पाऊस, अभिनंदन. पाऊस मात्र बांध बघून पडतो. रस्त्याच्या अलीकडे चप्पल चिखलात रुतते आणि पलीकडे धूळ उडते. बर्फ पाण्याच्या ढोबळमानानं दसपट जागा व्यापतो, हे कळल्यावर नानांनी ताबडतोब गुणाकार केला. एका दिवसात पासष्ट सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांच्या वर बर्फ पडला की गुलमर्गला अतिवृष्टी लागू. मदत कुणाला द्यायची, घोडेवाल्याला की फळ्या भाड्यानं देणाऱ्याला, यावर त्यांचं आणि काकूंचं एकमत झालं नाही.

पण खरी मौज पुढे आहे, आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

जावई म्हणाले, मामा, आकडे यंत्राचे नसतील तर रिसॉर्टवाले स्वतः रोज जाहीर करतात, तेही मिळतात. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी, जोनाथन झिन्मन आणि एरिक झित्झेविट्झ यांनी, नेमके हेच आकडे तपासले होते. रिसॉर्ट जाहीर करतात तो बर्फ एकीकडे आणि आसपासच्या सरकारी केंद्रांवर मोजलेला दुसरीकडे. त्यांना आढळलं, की रिसॉर्टच्या नोंदीप्रमाणे शनिवार-रविवारी २३ टक्के जास्त बर्फ पडतो. आभाळाला वार कळत नाही. पण गिऱ्हाईक शनिवारी येतं. ज्यांना फुगवून जास्त फायदा, ते जास्त फुगवतात, हेही त्यांनी दाखवलं. पुढे फोनवर एक अॅप निघालं, त्यावर उतारावर उभा असलेला माणूस तिथूनच खरा बर्फ किती ते लिहू लागला, आणि शनिवारचा बर्फ बराच वितळला.

नाना हे ऐकताना खुर्चीतून पुढे सरकले. चेहऱ्यावर नातेवाईक भेटल्याचा आनंद. "म्हणजे तिकडंबी पैसेवारी आहे!"

नव्या पिढीसाठी सांगायचं तर पैसेवारी, जुन्या बोलीत आणेवारी, म्हणजे गावातलं पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज. पन्नास पैशांच्या आत आलं तर टंचाई, मग शेतसाऱ्यात सूट, कर्जाच्या वसुलीला थांबा, पोरांची परीक्षा फी माफ. पन्नासच्या वर गेलं तर काही नाही, भरा. त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांत वर्षानुवर्षं पीक उगवत आलं ते एकावन्न पैसे आणि एकोणपन्नास पैसे यांच्या मधल्या बोळात. कागद लिहिणाऱ्याला एकावन्न दिसायचे, पिकवणाऱ्याला एकोणपन्नास. एकाच उभ्या ज्वारीकडे बघून. आम्ही पन्नास वर्षं ज्या बोळात उभे आहोत तिथं अमेरिकेतल्या बर्फाचे व्यापारी दुसऱ्या तोंडानं शिरले, एवढाच फरक. त्यांना आकडा वर हवा, आम्हाला खाली. मागच्या बर्फाचा अभ्यास करणाऱ्यानं बर्फाआधी नोंद ठेवणाऱ्याच्या पोटात शिरावं. पीक कमी सांगितल्यानं त्याचं भलं होतं की जास्त सांगितल्यानं, हे कळलं की निम्मा आकडा आपोआप दुरुस्त होतो.

हे पडताळून बघायला मी गुलमर्गच्या एका हॉटेलवाल्याला फोन लावला. "बर्फ है?" "बहुत है साहब." "कितना?" "आप आइए तो, हो जाएगा." नानांनी स्पीकरवर हे ऐकलं आणि डायरीत लिहिलं: 'नुसती हजेरी.'

मोजणाऱ्यांत प्रामाणिक माणसंही होऊन गेली, हे सांगायला हवं. डोंगरावरच्या बर्फावरून उन्हाळ्याच्या पाण्याचा अंदाज बांधायची शास्त्रशुद्ध रीत अमेरिकेत बसवली ती जेम्स चर्च या गृहस्थानं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नेवाडातल्या माउंट रोझवर. पोकळ नळी बर्फात तळापर्यंत खुपसायची, भरलेली नळी तोलायची, वजनावरून पाणी काढायचं. किती फूट बर्फ याला महत्त्व नाही, किती पाणी याला आहे. हे चर्च शिकवायचे काय, तर लॅटिन. आपल्याकडे मास्तरांना जनगणना, मतदारयाद्या आणि खिचडी करायला लावतात म्हणून आपण कुरकुरतो. तिकडं लॅटिनच्या मास्तरानं कुणी न सांगता बर्फ तोलला. नानांना मात्र शंका आहे, की त्याला वर्गात बसवत नसणार.

टाहोजवळच्या डोनर खिंडीपाशी बर्फाची एक प्रयोगशाळा आहे, तिथं १९४६ पासूनच्या नोंदी आहेत. जावयांचा इतिहासावर विश्वास बसला तो या नोंदींमुळे. पण तिथलाच इतिहास काय सांगतो बघा. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथं ७५४ इंच बर्फ पडला. नानांनी हिशेब परसांत केला, दहा परसांच्या वर. आमची विहीर आठ परसांची. तो बर्फसुद्धा दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला १९५१-५२ चा, ८१२ इंच. त्या हिवाळ्यात खिंडीजवळ एक आगगाडी दोनशेहून जास्त माणसांसह तीन दिवस अडकून पडली होती. एवढा बर्फ असला की स्कीइंग बंद, कारण रस्ता बंद, पाळणे बंद, खालच्या घरांची दारं बंद. आणि दुसऱ्या टोकाला १ एप्रिल २०१५. दरवर्षी त्या सुमाराला सिएरा नेवाडात बर्फ मोजायचा विधी असतो. त्या साली कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन स्वतः आले. जिथं पाचेक फूट बर्फ असायला हवा, तिथं ते सुक्या गवतावर उभे. राज्यभरातला साठा सरासरीच्या ५ टक्के. त्यांनी तिथंच उभं राहून पाणीकपातीचा हुकूम काढला. जावयांनी तो फोटो पाठवला तेव्हा नानांना काही नवल वाटलं नाही. "पाहणी दौरा आहे हा. मागं अधिकारी उभे, हातात कागद, सगळे जमिनीकडे बघतात. फक्त बिसलेरी दिसत नाही."

बर्फ जास्त झाल्याचं काश्मीरचं उदाहरणही ताजं आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस एका दिवसात असा कोसळला की विमानं रद्द, महामार्ग बंद, पर्यटकांच्या गाड्या जागच्या जागी. गावकऱ्यांनी घरं उघडली, एके ठिकाणी मशीद उघडली, लोकांना आत घेतलं. त्यानंतर जानेवारी जवळजवळ कोरडा. हंगामाची बेरीज बघणाऱ्याला यातलं काहीच दिसणार नाही.

"मग कृत्रिम बर्फ असतो ना," आमचा पुतण्या मध्येच म्हणाला. असतो. औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बर्फ करायची यंत्रं बसवली. २०२२ चं बीजिंगचं हिवाळी ऑलिम्पिक जवळजवळ सगळं तशाच बर्फावर झालं. थंड हवेत पाण्याचे बारीक तुषार उडवायचे, ते पडता पडता गोठतात. नानांनी पुतण्याकडे दयेनं बघितलं. "तुषार सिंचन आहे ते. त्याला पाणी लागतं, वीज लागते आणि वरून थंडी लागते. इथं तिन्हीपैकी एक आलं तरी आम्ही नारळ फोडतो." शिवाय आभाळावर प्रयोग करायचे तर आमचा जिल्हा त्यात मुरलेला आहे. २०१५ मध्ये आणि मग २०१९ मध्ये कृत्रिम पावसाची विमानं औरंगाबादहूनच उडाली. लोक गच्चीवर जाऊन बघायचे. विमान दिसायचं.

एव्हाना जावयांनी तक्ता तिसऱ्यांदा बदलला होता. सरासरी काढून टाकली, बुडालेली सालं लाल केली. मग सरळच दिसलं, की नाताळचा आठवडा जुगार आहे, जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीची अखेर हा त्यातल्या त्यात भरवशाचा, आणि जितकं उंच जाल तितकी बुडीत सालं कमी. एवढं काढायला अभ्यास कामी आला, हे कबूल केलं पाहिजे. आता फक्त तारीख ठरवायची होती. आणि इथं काश्मीरच्या हवामानाचा संबंध संपून फुलंब्रीचं हवामान सुरू झालं.

फेब्रुवारी म्हटला की पुतण्याची बारावी. ती सुरू होते न होते तोवर पुतणीची दहावी. त्याआधी गव्हाचं पाणी, आणि लाइट रात्रीची असली तर पाणी देणारा माणूस गुलमर्गला कसा असेल? अद्रकीचा भाव चढता असला तर खणणी थांबवून चालत नाही, पडता असला तर मुळीच चालत नाही. कापसाची शेवटची वेचणी मजूर मिळतील तेव्हा. डिसेंबरात लग्नं, फेब्रुवारीत लग्नं, आणि नानांना पत्रिका न आलेलं लग्न तालुक्यात लागत नाही. पिढ्यान् पिढ्या मराठी माणूस काश्मीरला मे महिन्यात का गेला, याचं उत्तर इथं आहे. बर्फ उरलेला असतो तो वर कुठंतरी, काळपट, खुरांनी तुडवलेला, पण शाळेला सुट्टी असते. इतिहासाचा कल आपल्याकडे बर्फावरून नाही, शाळेच्या वेळापत्रकावरून काढावा लागतो.

शेवटी काकूंनी कालनिर्णय उतरवलं. पौषात लग्न नसतं. पौष येतो डिसेंबरच्या शेवटाला किंवा जानेवारीत. चिल्लई कलांही तेव्हाच. चाळीस वर्षांच्या आकड्यांनी जे काढलं त्याच्या जवळपास काकू एका पानात पोचल्या, आणि वर म्हणाल्या, "संक्रांत तेवढी घरी करायची. वाण लुटल्याशिवाय मी हलणार नाही." म्हणजे जानेवारीचा उत्तरार्ध. जावयांच्या तक्त्यात तो हिरव्यात होता. त्यांनी काकूंना विचारलं, हे कसं काढलंत. काकू म्हणाल्या, मागच्या पानावर दुधाचा हिशेब असतो, पुढच्या पानावर सगळं असतं.

राहिला प्रश्न आरक्षण कधी करायचं याचा. कृषी विभाग दर जूनमध्ये घसा कोरडा करून सांगतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. नाना त्याच मताचे. आधी बर्फ पडू द्या, वीतभर ओल जाऊ द्या, मग तिकीट काढा. पण विमानाचं तिकीट पाऊस पडल्यावर बियाणं महागतं त्याहून जोरात महागतं, आणि जावयांची रजा सप्टेंबरातच मंजूर व्हावी लागते. धूळपेरणीशिवाय इलाज नव्हता. तेव्हा नानांनी कोरडवाहू शेतकऱ्याचा जुना तोडगा काढला, आंतरपीक. कापूस बुडाला तर तूर हाती लागावी म्हणून दोन्ही एकाच रानात. सहलीचंही तसंच. श्रीनगरला दल सरोवर, शिकारा, केशराचं दुकान, शंकराचार्य टेकडी, हे बर्फाविना येणारं पीक. गुलमर्ग शेवटी, तेही वरच्या टप्प्याच्या तिकिटासह, म्हणजे खाली गवत असलं तरी वर काहीतरी उभं असेल. दोन्ही लागलं तर देव पावला.

मग आम्ही शहरातल्या एका प्रवासी कंपनीच्या हापिसात गेलो. तिथल्या मुलीनं चहा मागवला, नानांनी डायरी उघडली.

"बर्फ नाही पडला तर भरपाई काय?"

"काका, बर्फाची गॅरंटी कुणीच देत नाही."

"म्हणजे हमीभाव नाही. लिहितो. विमा?"

"विमा आहे ना काका. सामान हरवलं, विमान रद्द झालं, आजारी पडलात. आणि थोडा जास्त हप्ता भरला तर स्कीइंग करताना पाय मोडला तरी."

"आणि बर्फच नसला तर?"

"मग स्कीइंग होणारच नाही. पाय कसा मोडेल?"

नानांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे पीक आलं तरच नुकसानभरपाई. हप्ता मात्र आधी. ही योजना आपल्या ओळखीची आहे." मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, बहात्तर तासांत कळवायचं असतं का रे इथंही? फोटो कशाचा पाठवायचा?

काकू इतका वेळ माहितीपत्रकातली चित्रं बघत बसल्या होत्या. त्यांनी पत्रक घडी घालून पिशवीत ठेवलं.

"पाय कुणाचा मोडायचा तेवढं आताच ठरवून घ्या," त्या म्हणाल्या. "तिथं गेल्यावर ऐनवेळी घोळ नको. आणि जावयांचा धरू नका, बरं दिसत नाही."